जेनचं पान

सासूबाई मिरजेहून निघताना बॅगेत भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि सहा वह्या घालून आल्या होत्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, समासाची लाल रेघ असलेल्या. "आई, वह्या इथेही मिळतात हो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मिळत असतील. पण नातीला भेटायला मोकळ्या हाताने कशी येऊ?" त्यातल्या पाच वह्यांचं पुढे काय झालं ते आठवत नाही. सहावी अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्या मुलीने, मनूने, नऊ वर्षांच्या अक्षरात 'तपास' असं लिहिलंय. त्यातल्या 'पा'चा काना लांबत लांबत पार खालच्या कडेपर्यंत गेलाय.

आत प्रत्येक पानावर डोक्याशी एका माणसाचं नाव आणि खाली मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे 'म्हणाली', उजवीकडे 'मला वाटलं'. बहुतेक पानं गच्च भरलेली. मधूनमधून आजीचं वळणदार अक्षर, कुठे चहाच्या कपाचा गोल डाग. एका पानाची मात्र डावी बाजू कित्येक आठवडे कोरी होती. उजवीकडे दोनच शब्द: चांगली आहे. ते पान जेनचं, एका संगणक-खेळातल्या मुलीचं.

गोष्ट २००५-०६ च्या हिवाळ्यातली. आम्ही तेव्हा सिएटलजवळ रेडमंडला राहायचो. सासूबाई ऑक्टोबरात आल्या, मार्चअखेर परत जायच्या होत्या. तिथला डिसेंबर म्हणजे दुपारी साडेचारला दिवे लावायचे आणि बाहेर सतत रिपरिप. मिरजेच्या प्राथमिक शाळेत तीसएक वर्षं शिकवलेली, सकाळी सहाला अंगण झाडून दिवसभरात पन्नास माणसांशी बोलणारी बाई खिडकीपाशी बसून ओले पाइन बघत राहायची. टीव्ही समजत नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं. मनू साडेतीनला शाळेतून यायची आणि थेट संगणकासमोर बसायची. एक दिवस सासूबाईंनी स्वयंपाकघरातला स्टूल उचलला आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवला.

मनूला रहस्याच्या खेळांचा नाद आधीपासूनच होता. सुरुवात झाली ती पाचव्या वर्षी, फ्रेडी फिश नावाच्या पिवळ्या मासोळीपासून. १९९४ साली आलेला तो खेळ सिएटलच्या आसपासच्याच एका कंपनीने, ह्युमंगस एंटरटेनमेंटने केलेला. समुद्रातल्या एका आजीचा, ग्रँडमा ग्रूपरचा, पाणवनस्पतींच्या बियांचा खजिना चोरीला जातो आणि फ्रेडी तिच्या ल्यूथर नावाच्या मित्राला घेऊन तो शोधायला निघते. त्यात कुणी मरत नाही, कुणी हरत नाही, घड्याळ टिकटिक करत नाही. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटायची: खेळ नव्याने सुरू केला की वस्तूंच्या काही जागा बदललेल्या असायच्या. गेल्या वेळचं पाठ करून भागायचं नाही, पुन्हा शोधावं लागायचं.

सासूबाई आल्या तोवर मनू नॅन्सी ड्रूपर्यंत पोचली होती. नॅन्सी ही १९३० पासून पुस्तकांतून फिरणारी अमेरिकन तरुण शोधक. तिच्यावरचे संगणक-खेळ हर इंटरअॅक्टिव्ह ही कंपनी १९९८ पासून काढत आली आहे. ती कंपनी बेलव्ह्यूची, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावची. भाजी आणायला आम्ही ज्या गावात जायचो तिथेच कुणीतरी बसून ही भुताळी वाड्यांची कोडी रचतंय, हे कळल्यावर मनू आठवडाभर गाडीच्या काचेला नाक लावून प्रत्येक इमारत न्याहाळत होती.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे होता तो मालिकेतला अकरावा खेळ, २००४ साली आलेला 'कर्स ऑफ ब्लॅकमूर मॅनर'. (पुढे मी त्याचा उलगडा सांगणार आहे. ज्यांना तो खेळायचाय त्यांनी आधी खेळून यावं, मी थांबते.) इंग्लंडमधला चौदाव्या शतकातला पेनव्हेलिन घराण्याचा वाडा. घरच्या मुलाने, ह्यूने, नुकतंच दुसरं लग्न केलंय. लिंडा ही त्याची नवी अमेरिकन बायको. तो कामासाठी परदेशी, आणि लिंडा आजारी पडून पलंगाच्या पडद्याआड दडून बसलेली. कुणाला तोंड दाखवत नाही. या घराण्यावर शाप आहे आणि आपलं जनावर होत चाललंय, असं तिच्या मनाने घेतलंय. तिला नक्की काय झालंय ते बघायला नॅन्सी तिथे पोचते. वाड्यात आणखी चारच माणसं: लेटिशिया ड्रेक ही कडक म्हातारी, ह्यूची बारा वर्षांची मुलगी जेन, जेनला घरी शिकवणारी एथेल, आणि ग्रंथालयात कागदांच्या ढिगात बसलेला नायजेल मुखर्जी. शिवाय एक बोलणारा पोपट. त्याचं नाव लूलू, पण आमच्याकडे त्याला पहिल्या दिवसापासून मिठूच म्हणत.

सासूबाईंना इंग्रजी वाचता यायचं, पण पडद्यावरचे लोक भराभर बोलत ते कळायचं नाही. म्हणून मनू सांगायची आणि आजी ऐकायची. पहिल्याच संध्याकाळी लेटिशियाबाईंशी बोलून झाल्यावर मनू म्हणाली, "आजी, ही खोटं बोलतेय."

"ते तुला वाटलं. ती काय म्हणाली ते सांग."

"अगं, तिला नॅन्सी आलेली आवडली नाही."

"हेही तुला वाटलं. तिच्या तोंडचे शब्द सांग."

मनू वैतागली. मग तिने तोच संवाद पुन्हा लावला, दोन ओळी ऐकल्या, थांबवला आणि आजीला मराठीत सांगितल्या. पुन्हा दोन ओळी, पुन्हा मराठीत. त्या रात्री आजीने वहीत उभी रेघ मारून दिली. शाळेत भांडण झालं की दोन्ही पोरांना उभं करून त्या असंच विचारायच्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कोण काय म्हणालं ते आधी, कोणाला काय वाटलं ते नंतर. दोन्हीची सरमिसळ झाली की मार खाणारा नेहमी चुकीचा पोरगा असतो.

मी या खेळांबद्दल इतक्या वर्षांनी लिहायला बसले ते त्या उभ्या रेघेमुळे. रहस्याचा खेळ मुलांच्या बुद्धीला धार लावतो, निरीक्षण वाढवतो, वगैरे सगळे सांगतात, आणि ते असेलही. पण मनू एकटी खेळायची तेव्हा ती अंदाजाने धावायची. दिसेल त्यावर क्लिक करायची, ज्याचा चेहरा आवडला नाही तो चोर. आजीला सांगावं लागायला लागलं तेव्हा ती ऐकायला शिकली. दुसऱ्याला नीट सांगायचं म्हणजे आपल्याला नीट ऐकावं लागतं. त्यातून भाषा बदलायची म्हणजे शब्दागणिक थांबणं आलं. 'स्टेपमदर' हा शब्द आला तेव्हा मनू अडली. आजी म्हणाली, "सावत्र आई." मनूने तो शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. "सावत्र म्हणजे खोटी का?" आजीने थोडा विचार केला. "नाही गं. नंतर आलेली." 'वेअरवुल्फ'चं पुष्कळ डोकं खाजवून 'लांडगामाणूस' केलं. कोडी सोडवायला घराण्याचं मानचिन्ह पुन्हा पुन्हा तपासावं लागायचं, त्याला आजीने 'शिक्का' म्हटलं आणि तोच रूढ झाला. भिंतीआड लपलेल्या वाटा, फिरणाऱ्या खोल्या, जुन्या पूर्वजांनी मागे ठेवलेली कोडी, सगळं हळूहळू मराठीत येत गेलं. मनूचं मराठी त्या सहा महिन्यांत जेवढं वाढलं तेवढं मी आणलेल्या गोष्टींच्या पुस्तकांनी तीन वर्षांत वाढवलं नव्हतं.

आणि खेळ थांबायचा. याचं मोल मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. माऊसचं भिंग पडद्यावर फिरवायचं, काही हाताळण्याजोगं असलं की भिंगाचा रंग बदलतो. तुम्ही काही केलं नाहीत तर वाड्यातही काही घडत नाही. नॅन्सी दाराशी उभी, मुखर्जी कागदांत डोकं घालून, मिठू दांडीवर. मध्येच कुकरची शिट्टी झाली, आजी उठून गेली, भात उतरवून परत आली, तरी सगळे जिथल्या तिथे. आजीच्या बोटांना सांधेदुखी, माऊस त्यांनी एकदाही धरला नाही, पण त्या खेळात त्या पूर्ण होत्या. चुकून नॅन्सीचा घात झालाच तर खेळ दुसरी संधी देतो, चुकीच्या आधीच्या क्षणाला परत नेऊन ठेवतो. अडलात तर नॅन्सी तिच्या मित्रमैत्रिणींना फोन लावते आणि त्यांच्याशी बोलता बोलता काहीतरी सुचतं. ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन पायऱ्या असतात. आमच्याकडे अर्थातच ज्युनिअर चालू होतं, कारण आजीने सांगितलं, "पहिलीतनं एकदम चौथीत बसायचं नाही."

खोक्यावर 'ई' हे अक्षर असायचं, म्हणजे सगळ्यांनी खेळण्याजोगा. अमेरिकेत १९९४ पासून खेळांना अशी अक्षरं देणारी एक संस्था आहे आणि आईबाप ते अक्षर बघून खेळ घेतात. मीही बघायचे. रक्त नको, बंदुका नकोत, इतकंच माझं मागणं असायचं. याच मालिकेतल्या पहिल्या खेळात एका शाळकरी मुलाचा खून आहे, तो मी मनूला दिला नव्हता. पुढच्या बहुतेक खेळांत मात्र गुन्हा चोरीचा, घातपाताचा, कुणाला तरी घाबरवून हाकलून लावण्याचा. पण 'कुटुंबाने मिळून खेळायचा खेळ' म्हणजे नुसता रक्त नसलेला खेळ, ही माझी समजूत त्या स्टुलाने मोडली. बोटं वेगाने चालत नाहीत, भाषा येत नाही, अशा माणसालाही ज्यात बसायला जागा आहे तो खेळ कुटुंबाचा. हल्ली फोनवर 'डिटेक्टिव्ह' नावाचे जे खेळ मिळतात त्यांतले बरेच मी उघडून पाहिलेत. खच्चून भरलेल्या चित्रात दहा वस्तू शोधा, डोक्यावर घड्याळ पळतंय, आणि अडलात की नाणी मोजून इशारा विकत घ्या. मला हे अजिबात पटत नाही. अडलेल्या पोराने शेजारच्या माणसाला विचारायचं असतं. विचारण्याच्या जागी दुकान मांडलं की शेजारच्या स्टुलाची गरजच संपते.

त्याच दिवसांत मनू शाळेत कार्मेन सँडिएगोच्या मागावर होती. मधल्या सुट्टीत पाऊस असला की वर्गातल्या संगणकावर तो खेळ लावायची मुभा असे. तिच्या शाळेत होती ती नंतरची आवृत्ती. मूळ खेळ १९८५ चा, ब्रॉडरबंड या कंपनीने अॅपल टू संगणकासाठी केलेला. लाल कोट, लाल टोपीवाली कार्मेन आणि तिची टोळी जगभरातले ठेवे पळवते आणि आपण नव्याने भरती झालेले गुप्तहेर. सोमवारी सकाळी नऊला काम सुरू, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत चोर सापडला पाहिजे. प्रवासाला तास लागतात, रात्री झोपेत तास जातात. प्रत्येक गावात साक्षीदार सांगतात: त्याने पैसे बदलून अमुक चलन घेतलं, तिच्या विमानाच्या झेंड्यावर हे रंग होते. त्यावरून पुढचा देश ओळखायचा. मला त्यातला वॉरंटचा नियम सगळ्यांत आवडतो. चोराच्या केसांचा रंग, छंद, गाडी, एकेक खूण गोळा करून आधी नाव नक्की करायचं आणि वॉरंट काढायचं. वॉरंट हातात नसेल तर चोर पुढ्यात उभा असला तरी सुटतो. आजीला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. पुराव्याशिवाय छडी उगारायची नाही."

पण आजी हरखून गेल्या त्या दुसऱ्याच गोष्टीने. १९८५ च्या त्या खोक्यात फ्लॉपीबरोबर एक जाडजूड पुस्तक यायचं, 'वर्ल्ड अल्मनॅक'. जगातल्या देशांची, राजधान्यांची, चलनांची, झेंड्यांची दरवर्षी निघणारी माहिती. म्हणजे खेळ खेळायचा तर पुस्तक उघडावंच लागणार. "वर्षाचं पंचांगच की हे," आजी म्हणाल्या, आणि वाचनालयातून त्या वर्षीचं अल्मनॅक आणायला त्यांनी मला पावसात पिटाळलं. त्यांच्या शाळेत सामान्यज्ञानाच्या परीक्षा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असायच्या. राजधान्या तोंडपाठ. मूळ खेळात तीस शहरं होती: काठमांडू, कोलंबो, नवी दिल्ली (मुंबई नव्हती, हे त्यांना खटकलं), तशीच किगाली, बामाको, पोर्ट मोर्सबी. मनू एकेक नाव टाकायची आणि आजी देश सांगायच्या. रवांडा. माली. पापुआ न्यू गिनी. मोरोनीला त्या अडल्या. मग दोघी पुस्तकावर वाकल्या. कोमोरोस. आफ्रिका आणि मादागास्करच्या मधल्या समुद्रात शिंतोडे उडाल्यासारखी बेटं. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "इतकी वर्षं शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं," असं त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मनूने पुढचे आठ दिवस प्रत्येक पाहुण्याला मोरोनी कुठे आहे ते विचारलं.

ब्लॅकमूरचा तपास मात्र मंदावला होता, आणि त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण मुखर्जी. आडनाव ऐकल्यापासून आजीने त्यांना संशयितांतून वगळूनच टाकलं होतं. ग्रंथालयात दिवसभर बसून जुने कागद वाचणारा, इतक्या लांब परक्या घरात काम करणारा आपल्याकडचा माणूस. त्यांच्या पानावर उजवीकडे आजीच्या अक्षरात आहे: विद्वान. जेवतो कुठे? मनू म्हणाली, "आजी, तो आपला आहे म्हणून सोडायचं नाही. तूच म्हणालीस." आजी गप्प झाल्या. मग स्वतःच पेन्सिल घेऊन त्यांनी 'विद्वान'वर रेघ मारली आणि मनूला म्हणाल्या, "त्याच्याशी पुन्हा बोल. सगळं विचार." मी भाजी चिरत हे ऐकत होते. नातीचं ऐकून अशी रेघ मारणारी मोठी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

दुसरं कारण जेन. ही बारा वर्षांची मुलगी वाड्यात एकटी. शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, खरी आई दुसरीकडे. नॅन्सी दिसली की ती म्हणते, माझ्याशी खेळ. माहिती हवी असेल तर आधी एक डाव खेळायचा. मनू तिच्याशी डावावर डाव खेळायची. गरज नसतानाही खेळायची. आजी विचारायच्या, "काय म्हणाली?"

"काही नाही. खेळ म्हणाली."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी जेन आणि नॅन्सीचं बरंच मोठं बोलणं झालं. मी आतून आवाज ऐकत होते. नॅन्सीचा तो आवाज आमच्या घरात चांगलाच ओळखीचा झाला होता. लानी मिनेला या कलावतीने पहिल्या खेळापासून थेट २०१५ पर्यंत नॅन्सीला आवाज दिलाय, आणि मनू तिची हुबेहूब नक्कल करायची. बोलणं संपलं. आजी पेन्सिल घेऊन तयार. मनू म्हणाली, "काही नाही. खेळ म्हणाली."

"इतका वेळ बोलत होती आणि काहीच नाही?"

मनूने वही मिटली, संगणक बंद केला आणि खोलीत निघून गेली. आजीने तिला हाक मारली नाही.

रात्री भांडी आवरताना त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वर्गात कुणाची पाटी फुटली की सगळी पोरं एकदम बोलायला लागायची. जिला माहीत असायचं ती गप्प बसायची." मी हसले. त्या हसल्या नाहीत. जरा थांबून त्यांनी विचारलं, "हिला इथे मैत्रीण नाही का गं?"

त्या सप्टेंबरात आम्ही घर बदललं होतं आणि मनूची शाळाही बदलली होती. रोज विचारायचे मी तिला, शाळा कशी होती? ती म्हणायची, छान. मी ते 'छान' डाव्या रकान्यात धरून चालले होते. नवीन शाळेत सहा महिने ती मधल्या सुट्टीत कार्मेनच्या मागे जगभर का फिरत होती, ती घरी आल्या आल्या वाड्यातल्या एकट्या मुलीशी खेळायला का बसायची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्या खुणा माझ्या समोर होत्या. आलेल्या पाहुणीला चार-पाच महिन्यांत दिसलं.

मार्चमध्ये मनूच्या वर्गातली एक मुलगी आमच्याकडे यायला लागली. तिला आधी बोलावलं आजीने, हाताच्या खुणा करून, शाळेच्या फाटकाशी. तिला भाजणीचं थालीपीठ आवडलं. यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पण घरात दोन मुलींचा आवाज येऊ लागला त्या दिवसाची तारीख मला आजही आठवते.

मार्चअखेर सासूबाई गेल्या. खेळ अर्धवटच होता आणि आजीशिवाय पुढे खेळायला मनू तयार नव्हती. दोन आठवडे ती सीडी खोक्यात पडून राहिली. शेवटी फोनवर ठरलं, की मनूने खेळायचं आणि दर शनिवारी आजीला सांगायचं. तेव्हा फोनची कार्डं मिळायची, पाच डॉलरच्या कार्डात मोजकी मिनिटं. आमची शुक्रवारची रात्री आठची वेळ म्हणजे मिरजेत शनिवारची सकाळ साडेआठ. आजी आंघोळ, पूजा उरकून फोनपाशी बसलेल्या असायच्या. मागे कुणीतरी तानपुरा लावत असल्याचा आवाज यायचा. घर सतारमेकर गल्लीच्या जवळ, तो आवाज तिथे दिवसभर असतोच. एकदा मनूने विचारलं, "आजी, तुमच्या इथे रहस्य नाही का?" आजीने लगेच रचलं: मैफलीच्या आदल्या दिवशी एका कारागिराच्या दुकानातून तयार तानपुरा गायब. मग काय काय शोधायचं? पंढरपूरकडून भोपळे घेऊन येणारा माणूस, जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जमवणारे, म्हातारे चाचा, दर्ग्यातल्या उरुसाला गायला आलेले पाहुणे, शेजारच्या दुकानातलं चाणाक्ष पोर. दोघींनी दोन शनिवार त्यात घालवले. असा खेळ मराठीतून खरंच कुणी करावा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. गल्लीतली माणसं आपापल्या बोलीत बोलतील, चूक झाली तर दुसरी संधी मिळेल आणि शेजारी एका स्टुलाची जागा असेल. २०२० च्या टाळेबंदीत कोथरूडचा माझा भाचा आणि मी व्हिडिओ कॉलवर गूगल अर्थमधली कार्मेन खेळलो. २०१९ साली आलेली, लंडनच्या राजमुकुटाच्या दागिन्यांची चोरी. तो वाचून दाखवायचा आणि मी म्हणायचे, "ते तुला वाटलं. तो काय म्हणाला ते सांग." आवाज सासूबाईंचा, तोंड माझं.

ब्लॅकमूरचा शेवट मनूने मेच्या मध्यावर गाठला. तो शुक्रवार मला स्पष्ट आठवतो. तिने फोन घेतला, हॅलोही म्हटलं नाही. "आजी, जेनने केलं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आजीने विचारलं, "काय केलं? नीट सांग."

लिंडाला आपल्यावर शाप आहे असं वाटावं, तिने घाबरून घर सोडून जावं आणि मग आपले आईबाबा पुन्हा एकत्र यावेत, म्हणून जेनने हे सगळं घडवलं होतं. मनूने ते न रडता सांगितलं.

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. थोडंसं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर ती पकडली गेली असती."

आजी काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आणि मुखर्जी?"

"त्याने काही केलं नाही, आजी."

"बघ." इतकंच म्हणून त्या हसल्या. आणि हसणं थांबल्यावर: "जेनला कुणी फार ओरडलं का गं?"

मनूने कपाटातून वही काढली. फोन मानेत धरून ती जमिनीवर बसली, जेनचं पान उघडलं आणि फेब्रुवारीपासून तिला आठवत होतं ते जेनचं एकेक वाक्य आजीला सांगत डाव्या बाजूला लिहू लागली. आजी मध्ये मध्ये म्हणत होत्या, "हं. पुढे." कार्डातला बाईचा आवाज एक मिनिट उरल्याचं सांगून गेला आणि नंतर फोन तुटला, तरी मनू लिहीत होती. डावा रकाना तळापर्यंत भरला. उजवीकडचं 'चांगली आहे' तिने खोडलं नाही.